केळीभावाचे संकेतस्थळ : कामाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

चोपडा तालुक्यातील केळी उत्पादकांच्या एका संस्थेचे संकेतस्थळ नव्याने बांधण्याचे काम आज हाती घेतले. मूळ संकेतस्थळ २०११ सालचे आहे. त्यात दरवर्षी सर्वसाधारण सभेचे फोटो तेवढे वाढत गेले. बाकी सर्व होते तसेच राहिले. पहिले पान उघडले की पाच मोठे फोटो एकामागून एक सरकतात, त्यांच्याखाली अध्यक्षांचे मनोगत आहे, त्याखाली संचालक मंडळ आहे, आणि ज्यासाठी शेतकरी येथे येतो तो केळीचा भाव मोबाइलवर चार वेळा बोट सरकवल्यावर सापडतो. तोही अक्षरांत नाही. कार्यालयातील ताई रोज सकाळी खडूने फळ्यावर भाव लिहितात, फळ्याचा फोटो काढतात आणि तो संकेतस्थळावर चढवतात. फोटो अंधूक आला की कार्यालयातला फोन दुपारपर्यंत वाजत राहतो.

सचिवांनी बैठकीत सांगितले की जळगावच्या केळीला २०१६ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन सर्वांत वर झळकावे, फोटो सरकते राहावेत आणि साइट ‘जरा मॉडर्न वाटावी’. उत्तर देण्याआधी मी सर्व्हरचा मागील तीन महिन्यांचा लॉग, म्हणजे कोणते पान कधी आणि कोठून उघडले गेले याची नोंद, मागून घेतला आणि रात्री तो चाळला. येणाऱ्यांपैकी बहुतेक जण थेट भावाच्या पानावर येतात, सकाळी सहा ते नऊ या वेळात येतात आणि मोबाइलवरून येतात. मनोगताचे पान महिन्यातून चार-पाच वेळा उघडले जाते, आणि त्यातील निम्म्याहून अधिक वेळा ते संस्थेच्याच कार्यालयातून उघडलेले दिसते. ही शेवटची माहिती मी बैठकीत सांगणार नाही. पण पहिल्या पानावर सर्वांत वर भाव राहील, हे या लॉगच्या आधारे मंजूर करून घेईन.

९ जानेवारी २०२५

भावाचा तक्ता कसा असावा हे ठरवण्यासाठी अर्धा दिवस ताईंच्या शेजारी बसून जुनी रजिस्टरे पाहिली. ‘केळीचा भाव’ असा एक आकडा नसतोच. नवीन लागवडीच्या पहिल्या पिकाला नवती म्हणतात, ते काढल्यावर त्याच खोडाच्या पिलांवर घेतलेल्या पिकाला पिलबाग म्हणतात, आणि प्रतवारीत मागे पडलेला माल वापसी म्हणून वेगळ्या भावाने जातो. लागवडीच्या हंगामाप्रमाणे पुन्हा जून-जुलैची मृगबाग आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरची कांदेबाग असे दोन भाग पडतात. जुन्या फॉर्ममध्ये या सर्वांसाठी ‘तपशील’ नावाचा एकच मोकळा रकाना होता, त्यामुळे ‘नवती’, ‘नवती माल’, ‘नवती के.’ असे एकाच गोष्टीचे अनेक लेखनप्रकार साचले आहेत. आता प्रकार निवडायचा आणि फक्त आकडा लिहायचा, अशी रचना केली.

खरा प्रश्न भाव नसलेल्या दिवसांचा निघाला. जुन्या डेटाबेसमध्ये अशा दिवशी शून्य लिहिलेले आहे. शून्य हा भाव झाला. भाव जाहीर न होणे ही वेगळी गोष्ट आहे. वार्षिक सरासरी काढताना ही शून्ये बेरजेत धरली गेली आणि दोन वर्षांच्या अहवालांत सरासरी खाली आली, हे आज सचिवांना दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नव्या तक्त्यात भाव नसेल तर जागा रिकामी राहील आणि शेजारी कारणाचा रकाना असेल : सुटी, लिलाव नाही, पाऊस.

१७ जानेवारी २०२५

जुना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना कळणाऱ्या एकाच अक्षरसंकेतात, आणण्यात सहा दिवस गेले. २०११ ते २०१५ मधील सर्व लेख, परिपत्रके आणि सभासदांसाठीच्या सूचना जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेल्या आहेत. अशा फाँटमध्ये संगणकाच्या दृष्टीने अक्षरे इंग्रजीच असतात. फक्त त्या अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढलेले असतात. ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याला पानावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात आणि गुगललाही तेच दिसते. म्हणजे ‘करपा नियंत्रण’ या विषयावर संस्थेने लिहिलेले चार चांगले लेख इतकी वर्षे इंटरनेटवर असूनही शोधणाऱ्याला सापडत नव्हते.

एका चिन्हाच्या जागी दुसरे ठेवले की काम झाले, असे वरवर वाटते. तसे होत नाही, कारण जुना फाँट डोळ्यांना दिसते त्या क्रमाने लिहितो आणि युनिकोड उच्चाराच्या क्रमाने लिहितो. ‘आर्थिक’ हा शब्द घ्या. जुन्या पद्धतीत आधी ‘आ’, मग ऱ्हस्व वेलांटी, मग ‘थ’, मग त्याच्या डोक्यावरचा रफार आणि शेवटी ‘क’ असा क्रम असतो. युनिकोडमध्ये रफाराचा ‘र’ आणि हलंत ‘थ’च्या आधी येतात आणि वेलांटी ‘थ’च्या नंतर. म्हणजे वेलांटीला उजवीकडे आणि रफाराला डावीकडे न्यायचे, आणि मध्ये जोडाक्षर असेल तर ते सबंध ओलांडायचे. बाजारातील एका रूपांतरकाने ‘आर्थिक’ नीट केले, पण जोडाक्षरापुढची वेलांटी जागोजागी चुकवली. शेवटी स्वतःच नियम लिहिले आणि चुकलेल्या शब्दांची यादी करून प्रत्येक फेरीनंतर तीच यादी पुन्हा तपासत गेलो. दोनशे दहा लेखांपैकी अकरा लेख तरीही हाताने दुरुस्त करावे लागले. त्यात एका औषधाच्या फवारणीचे प्रमाण होते. तेथे दशांश चिन्ह गळून आकडा दहापट झाला होता. अशा मजकुरात यंत्रावर भरवसा ठेवून पुढे जाता येत नाही, म्हणून प्रमाणे आणि मात्रा असलेली सर्व पाने कृषी पदवीधर असलेल्या एका संचालकांकडून मूळ छापील प्रतीशी ताडून घेतली.

जुना डेटाबेस ‘यूटीएफ-८’ नावाच्या ज्या प्रकारात होता तो मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देतो. देवनागरीचे प्रत्येक अक्षर तीन बाइटांत मावते, त्यामुळे इतकी वर्षे कोणाच्या लक्षात काही आले नाही. इमोजीला मात्र चार बाइट लागतात. अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये कोणी मजकुराच्या मध्ये केळीचे चित्र टाकले की त्यापुढील मजकूर कापला जाई, आणि केळीवाल्यांच्या संस्थेत ते चित्र टाकण्याचा मोह कोणाला आवरेल? सर्व तक्ते चार बाइटांच्या प्रकारात बदलले. कापला गेलेला मजकूर अर्थातच परत येणार नाही.

२१ जानेवारी २०२५

शोध चालत नाही अशी ताईंची तक्रार आली. ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द शोधला की नवे लेख मिळतात, जुने मिळत नाहीत. पडद्यावर दोन्हीकडे शब्द अगदी सारखा दिसतो. हे दुखणे मराठीचे स्वतःचे आहे. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांतील अर्धा ‘र’ दोन प्रकारे साठवता येतो : एक तर खाली टिंब असलेला स्वतंत्र ‘ऱ’ घेऊन त्याला हलंत लावायचा, किंवा साधा ‘र’, हलंत आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह द्यायचे. दोन्हींचा आकार एक, आतले आकडे वेगळे. युनिकोडची नेहमीची प्रमाणीकरणाची रीत हे दोन प्रकार एक करत नाही.

‘ॲ’चेही तसेच. हे अक्षर २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत स्वतंत्रपणे आले. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवत असत आणि पुष्कळ जण आजही तसेच टंकतात. तालुक्यातील निम्म्या दुकानांच्या नावात ‘ॲग्रो’ असल्यामुळे आमच्या जाहिरातदारांच्या यादीत एकच दुकान दोनदा नोंदले गेले होते. आता मजकूर साठवण्यापूर्वी आणि शोधाचा शब्द डेटाबेसकडे पाठवण्यापूर्वी, दोन्ही वेळी, एकाच छोट्या फंक्शनमधून जातो आणि दोन्ही अक्षरांचे एकच रूप राहते. पूर्ण फंक्शन चौदा ओळींचे आहे. ते शोधून काढायला दीड दिवस लागला, हे बिलात कसे लिहावे ते अजून ठरलेले नाही.

३ फेब्रुवारी २०२५

डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे इंटरनेटवरील नाव, संस्थेच्या नावावर नाही, असे आज उघड झाले. मूळ काम करणाऱ्याने २०११ मध्ये ते स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या इमेलवर घेतले आणि दरवर्षी संस्थेकडून नूतनीकरणाचे पैसे घेतले. त्यात त्याचा डाव होता असे मी म्हणणार नाही. त्या काळी सगळेच असे करत. मात्र आता तो व्यवसाय सोडून दुसऱ्या शहरात गेला आहे आणि फोन उचलत नाही. संस्थेच्या एका सभासदाच्या नात्यातून त्याच्यापर्यंत निरोप पोहोचवला आहे.

१२ फेब्रुवारी २०२५

भाव भरण्याचा फॉर्म ताईंच्या मोबाइलवर दिला आणि पहिल्याच दिवशी तो अडला. त्यांच्या मराठी कीबोर्डवरून आकडे देवनागरीत येतात. ब्राउझरमधील संख्येचा रकाना फक्त रोमन अंक मानतो. त्यांनी ‘१४५०’ लिहिले की रकाना ते घेतच नव्हता आणि संदेश इंग्रजीत येत होता. माझ्याकडून ही चूक घडली याचे कारण इतकेच की मी चाचणी लॅपटॉपवर घेतली होती.

संख्येचा रकाना काढून साधा मजकुराचा रकाना ठेवला, त्यावर बोट ठेवताच आकड्यांचा कीबोर्ड उघडेल अशी खूण दिली, आणि आलेले देवनागरी अंक सर्व्हरवर रोमन अंकांत बदलून साठवले. सोबत एक राखण घातली : कालच्या भावापेक्षा आजचा भाव तिपटीहून जास्त किंवा एक तृतीयांशाहून कमी असेल तर फॉर्म पुन्हा विचारतो. एक शून्य जास्त पडणे ही नवलाची गोष्ट नाही, आणि तेवढ्यावर कोणी कटाई सुरू केली तर त्याची भरपाई कोण करणार?

दाखवताना अंक कोणते ठेवावेत यावर सचिवांशी चर्चा झाली. जावास्क्रिप्टमधील संख्या लिहिण्याची सोय मराठीसाठी आपोआप देवनागरी अंक आणि लाख-कोटींची विभागणी देते, त्यामुळे पानावर ते सोपे आहे. मात्र एक्सेल फाइल उतरवून घेणारे शेतकरीपुत्र बेरजा करू पाहतात आणि देवनागरी अंकांवर त्यांची सूत्रे चालत नाहीत. पानावर देवनागरी आणि फाइलमध्ये रोमन, असे ठरले.

२४ फेब्रुवारी २०२५

डोमेन संस्थेच्या नावावर आले. पासवर्ड बंद पाकिटात घालून तिजोरीत ठेवण्यास सांगितले आणि नूतनीकरणाची तारीख ताईंच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहिली.

२८ फेब्रुवारी २०२५

पानाचे वजन कमी करण्याचे काम. जुने पहिले पान साडेसहा एमबीचे होते आणि त्यातील जवळजवळ सर्व भार कॅमेऱ्यातून जसेच्या तसे चढवलेल्या फोटोंचा होता. सरकते फोटो अखेर ‘संस्थेविषयी’ या पानावर गेले. सचिवांनी याला मान्यता दिली, पण मनापासून दिली नाही.

फोटो गेल्यावर फाँट डोळ्यांत भरू लागला. देवनागरीत जोडाक्षरांचे आकार पुष्कळ असल्याने फाँटची फाइल रोमन फाँटपेक्षा मोठी असते. मी साधे आणि ठळक अशी दोनच वजने ठेवली आणि न लागणारी अक्षरे वगळून फाइल लहान केली. देवनागरीचा युनिकोडमधील १२८ जागांचा पट्टा ठेवला आणि समाधानाने झोपलो. सकाळी पाहतो तो प्रत्येक भावापुढचे रुपयाचे चिन्ह वेगळ्याच, बारीक वळणाचे दिसू लागले होते. हे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारले गेले आणि युनिकोडने त्याला जागा चलनचिन्हांच्या पट्ट्यात दिली. ते देवनागरीच्या पट्ट्यात नाही. मी त्यालाच फाइलीतून हाकलले होते. ज्या पानावर भावाशिवाय दुसरे काही नाही त्या पानासाठी याहून नेमकी चूक करता आली नसती.

पानाची भाषा मराठी आहे हे एचटीएमएलमध्ये स्पष्ट लिहिले. जुन्या पानावर ती इंग्रजी नोंदलेली होती. ही नोंद पाहून अंध वाचकाचा पडदावाचक योग्य आवाज निवडतो, आणि ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे येतात. शेतकऱ्याला ‘ल’च्या वळणाने काही फरक पडत नाही हे मान्य, मला पडतो.

१९ मार्च २०२५

जुन्या पत्त्यांची यादी केली. भावाच्या पानाचे दुवे गेली कित्येक वर्षे व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरत आहेत आणि त्यांतील पत्त्यांत प्रश्नचिन्हे आणि क्रमांक आहेत. असे ८४० पत्ते निघाले. प्रत्येकाला त्याच्या नव्या जागी कायमचे वळवण्याची नोंद केली, जेणेकरून जुना दुवा दाबणाऱ्याला ‘पान सापडले नाही’ असे दिसू नये. सगळ्यांना एकाच पहिल्या पानाकडे वळवणे सोपे होते, पण करपा रोगाचा लेख मागणाऱ्याला पहिल्या पानावर आणून सोडणे म्हणजे यावलचे तिकीट काढलेल्याला भुसावळला उतरवण्यासारखे आहे.

३० मार्च २०२५

गुढीपाडवा. सुटीच्या दिवशी संकेतस्थळ बदलू नये असे मी लेखी कळवले होते. सचिवांनी मुहूर्त कळवला. सकाळी दहा वाजता नवे संकेतस्थळ सुरू झाले. कार्यालयात पेढे वाटले. मी लॅपटॉपसमोरून उठलो नाही.

२ एप्रिल २०२५

पहिली मोठी चूक झाली. सकाळी साडेसात वाजता अडावदकडील एका सभासदांचा फोन आला, “भाऊ, हाऊ तं कालना भाव शे. आजना भाव कोठे शे?” ताईंनी भाव सहा वाजताच भरला होता आणि डेटाबेसमध्ये तो होता. पण वेग वाढवण्यासाठी मी जी साठवण लावली होती तिने पूर्ण पान चोवीस तासांसाठी धरून ठेवले होते, आणि भाव भरल्यावर ते टाकून देण्याची सूचना भावाच्या पानाला होती, पहिल्या पानाला नव्हती. म्हणजे आत गेल्यावर आजचा भाव आणि दारावर कालचा. त्या सभासदांच्या शेतात व्यापारी उभा होता आणि त्याने स्वतःच्या मोबाइलवर पहिले पान दाखवून कालचा, साठ रुपयांनी कमी असलेला भाव पुढे केला होता. त्यांनी आत जाऊन पाहिले म्हणून निभावले.

दुपारपर्यंत दुरुस्ती केली. चित्रे, फाँट आणि रचनेच्या फाइली ब्राउझरने वर्षभर ठेवाव्यात. त्या बदलल्या की फाइलीचे नावच बदलते, त्यामुळे शिळे काही राहत नाही. भाव असलेले कोणतेही पान मात्र एका मिनिटापेक्षा जास्त धरून ठेवायचे नाही. याहून महत्त्वाचा बदल मजकुराचा आहे. आधी ‘आजचा भाव’ हे शब्द पानावर कायमचे छापलेले होते आणि खाली जो शेवटचा भाव असेल तो येत असे. आता भावाइतक्याच मोठ्या अक्षरांत तारीख आणि वार येतो, आणि आजची नोंद नसेल तर ‘आजचा भाव अजून जाहीर झालेला नाही’ असे वाक्य येते. कालचा भाव त्याखाली, काल म्हणूनच.

४ एप्रिल २०२५

तारखेचीच दुसरी चूक. ताई काल रात्री पाहुण्यांकडे होत्या, म्हणून त्यांनी भाव पहाटे पाच वाजता भरला आणि तो आदल्या दिवसाच्या नावावर चढला. सर्व्हरचे घड्याळ जागतिक वेळेवर आहे. भारतीय वेळ त्यापुढे साडेपाच तास. मध्यरात्रीपासून साडेपाचपर्यंत सर्व्हरच्या लेखी काल संपलेलाच नसतो. वेळ साठवायची जागतिकच, पण भावाचा ‘दिवस’ हा भारतीय वेळेनुसार ठरवून वेगळ्या रकान्यात लिहायचा, असे केले. मार्चमधील चाचणीच्या नोंदी तपासल्या. माझ्या सर्व चाचण्या दिवसाढवळ्या झाल्या होत्या, त्यामुळे ही चूक दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

१५ एप्रिल २०२५

रात्री दोनचा बॅकअप रोज पहाटे पाचच्या सुमारास होत असल्याचे आढळले. संकेतस्थळ ज्या वर्डप्रेस प्रणालीवर चालते तिचे अंगभूत वेळापत्रक स्वतःहून जागे होत नाही. कोणी पान उघडले की ते आधी थकलेली कामे पाहते. रात्री दोन वाजता केळीचा भाव पाहायला कोणी येत नाही, तेव्हा ताईंची चाहूल लागेपर्यंत बॅकअप झोपून राही. ते वेळापत्रक बंद करून ठरल्या वेळी स्वतःहून कामे करणाऱ्या सर्व्हरच्या क्रॉनवर काम सोपवले. त्याच बैठकीत बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर पूर्ण उतरवून पाहिला. एकोणीस मिनिटे लागली आणि अपलोड केलेल्या फाइलींचा एक फोल्डर राहून गेल्याचे कळले.

३० एप्रिल २०२५

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. कार्यालय बंद. संकेतस्थळावर ‘सुटीमुळे भाव नाही’ असे आले. फोन एकही आला नाही.

२० मे २०२५

आज प्रत्यक्ष शेतात चाचणी घेतली. अडावदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका सभासदांच्या बागेत गेलो. सोबत तीन वर्षांपूर्वीचा, साडेसात हजारांचा मोबाइल नेला, कारण लॉगमध्ये दिसणारे बहुतेक मोबाइल त्याच पंक्तीचे आहेत. कार्यालयातील वायफायवर हे पान दीड सेकंदात दिसते. गूगलच्या मोजमापात मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसणे चांगले मानतात, तेव्हा मी निश्चिंत होतो. शेतात सात सेकंद लागले.

भाव लवकर येत होता. अडवत होता तो दहा वर्षांच्या भावांचा आलेख. तो काढणारी जावास्क्रिप्टची मोठी फाइल आधी उतरे, मग मोबाइल ती वाचण्यात गुंतून पडे आणि तेवढा वेळ बोटाला दाद देत नसे. गूगलने मार्च २०२४ पासून प्रतिसादाचे जे नवे मोजमाप लागू केले त्यात २०० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब चांगला धरतात. येथे तो सेकंदाच्या पुढे जात होता. आलेख आता बटण दाबल्यावरच उतरतो. त्याच्या जागी मागील सात दिवसांचा साधा तक्ता आहे, जो जावास्क्रिप्टशिवायही दिसतो.

दुसरी गोष्ट कोणत्याही यंत्राने सांगितली नसती. दुपारी बाराच्या उन्हात पडद्यावरची करडी अक्षरे वाचताच येईनात. रंग निवडताना मी सौम्य करडा घेतला होता, कारण तो जळगावच्या माझ्या खोलीत, पडदे लावून, छान दिसत होता. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील भेद किमान साडेचारास एक असावा लागतो; माझा तीनच्या आसपास होता. तो निकष अशक्त दृष्टीच्या वाचकांसाठी आहे असे मानून मी तो दुय्यम समजत होतो. खानदेशात मे महिन्यात भर दुपारी बांधावर उभा असलेला प्रत्येक माणूस अशक्त दृष्टीचाच असतो. अक्षरे आता जवळजवळ काळी आहेत आणि भावाचा आकडा दुप्पट मोठा.

२७ जून २०२५

सकाळी संकेतस्थळ उघडताच ‘हे संकेतस्थळ सुरक्षित नाही’ असा लाल इशारा येऊ लागला. संकेतस्थळाला सुरक्षिततेचे प्रमाणपत्र देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे प्रमाणपत्र ९० दिवस टिकते. आमचे २९ मार्चला घेतलेले होते आणि आज त्याची मुदत संपली. ते मुदतीच्या महिनाभर आधी आपोआप नवे व्हावे अशी व्यवस्था होती. मात्र ही व्यवस्था सर्व्हरच्या ८० क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे बाहेरून आत येण्याच्या एका ठरावीक वाटेने, पडताळणी करते, आणि होस्टिंगवाल्यांनी मे महिन्यात फायरवॉल बदलताना ते पोर्ट बंद केले होते. महिनाभर रोज दोनदा प्रयत्न झाला, रोज फसला आणि रोज तसे लॉगमध्ये लिहिले गेले. तो लॉग कोणी वाचत नव्हते.

पूर्वी मुदत जवळ आली की लेट्स एन्क्रिप्टकडून इमेल येत असे. ती सेवा त्यांनी ४ जून २०२५ पासून बंद केली, आणि हे मी वाचलेही होते. पोर्ट उघडून घेतले, प्रमाणपत्र नवे केले. एकूण दोन तास दहा मिनिटे गेली, तीही सकाळी सातनंतरची. आता एक वेगळा सर्व्हर रोज बाहेरून प्रमाणपत्राची उरलेली मुदत मोजतो आणि ती वीस दिवसांखाली गेली की मला संदेश पाठवतो. संस्थेला दिलेल्या अहवालात चूक होस्टिंगवाल्यांची म्हणून लिहिण्याचा मोह झाला, लिहिली माझीच.

४ ऑगस्ट २०२५

काल खानदेशातला कानबाई देवीचा सण होता, आज तिचे विसर्जन. कार्यालयात निम्मी माणसे गावी. शांतपणे गावांच्या यादीचे काम उरकले. सभासद नोंदणीच्या फॉर्ममध्ये साळवे हे गाव सावदा आणि सावखेड्याच्या आधी येत होते आणि सचिवांना ते खटकत होते. त्यांचे बरोबर होते : मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडच्या क्रमांकांत तो ‘ल’ला चिकटून आहे, आणि निव्वळ क्रमांकांनी लावलेली यादी शाळेत शिकलेल्या क्रमाशी जुळत नाही. मराठीचा क्रम जाणणारी मांडणी वापरली. बुद्रुक आणि खुर्द पूर्ण लिहिले आणि प्रत्येक गावापुढे तालुका दिला. नुसते ‘सावखेडा’ म्हणून भागत नाही.

२१ ऑगस्ट २०२५

उद्या पोळा, म्हणून महिन्याची देखभाल आजच केली. वर्डप्रेस आणि त्याला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, म्हणजे प्लगिन, आधी चाचणीच्या प्रतीवर अद्ययावत केले. एका प्लगिनने तारखा इंग्रजीत दाखवायला सुरुवात केली, ते काढून टाकले. वापरात नसलेली दोन जुनी खाती बंद केली, त्यातील एक २०११ सालच्या माणसाचे होते.

सकाळी कार्यालयात असताना एक शेतकरी फळ्यासमोर उभे राहून ताईंना म्हणाले की फळ्यावरचा भाव चुकला आहे, मोबाइलवर नवतीचा भाव वेगळा दिसतो. ताईंनी आधी मोबाइलवर भाव भरला होता आणि फळा पुसायच्या राहिल्या होत्या. त्यांनी खडू घेतला आणि मोबाइलवर पाहून फळ्यावर आकडा उतरवून काढला.